पाणी पोटात जाणे वेगळे, अंगात मुरणे वेगळे



पावसाळ्यात आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी बरोबरच येतात. एक वर्षावास आणि दुसरी जुलाब-वांत्या. विहारात ग्रंथवाचन सुरू होते आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरात लहान मूल पातळ शौचाने गळून पडलेले असते. अशा वेळी तीन सल्ले हमखास ऐकू येतात. आजी म्हणते, "पाणी देऊ नका, दिलं की तेवढंच खाली जातंय." शेजारची वहिनी म्हणते, "कोल्ड्रिंक पाजा, तरतरी येईल." आणि मुलाचा बाप म्हणतो, "दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणतो."

तिघांनाही मुलाची काळजी आहे, यात शंका नाही. पण तिघांनीही एका प्रश्नाचा विचार केलेला नाही. प्यायलेले पाणी आतड्यातून रक्तात जाते कसे? पाणी पोटात गेले म्हणजे अंगात मुरले, असे होत नाही. मधे एक पडदा आहे. त्या पडद्याचे नियम कळले, तर कोणता सल्ला बरोबर आणि कोणता चूक, हे आपले आपल्यालाच ठरवता येते. तथागतांनी सांगितलेच आहे की कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. चला तर, हा पडदा तपासून पाहू.

पेशीभोवतीचा पडदा

आपले शरीर पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. तुमच्या घरात माध्यमिक शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीपटल, विसरण आणि परासरण हे शब्द सापडतील. परीक्षेपुरते पाठ करून सोडून द्यावेत असे हे शब्द नाहीत. ते आपल्या घरच्या पाण्याच्या तांब्याशी जोडलेले आहेत.

पेशीपटल किती पातळ? साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. म्हणजे अशी दहा-बारा हजार पटले एकावर एक ठेवली तर वहीच्या एका कागदाइतकी जाडी होईल. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे असते. स्निग्ध म्हणजे तेला-तुपासारखे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण रोज भांडी घासताना पाहतो. म्हणूनच पाण्यात विरघळलेले मीठ आणि साखर या तेलकट पडद्यातून सहजासहजी पार होत नाहीत.

मग पेशीत वस्तू ये-जा कशा करतात? त्याचे चार मार्ग समजून घेऊ.

पहिला मार्ग विसरण. घरात वंदनेला उदबत्ती लावली की सुगंध कोपऱ्यापासून सगळ्या खोलीत पसरतो. जिथे दाटी आहे तिथून जिथे विरळ आहे तिकडे पदार्थ आपोआप सरकतात. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड पेशीपटलातून असेच पार होतात. त्यांना कुणी ढकलावे लागत नाही.

दुसरा मार्ग परासरण. हा पाण्याचा मार्ग आहे. काकडी चिरून मीठ लावून ठेवली की थोड्या वेळाने ताटलीत पाणी साचते. मनुके साध्या पाण्यात भिजत घातले की सकाळी टम्म फुगलेले असतात. दोन्हीकडे नियम एकच आहे. ज्या बाजूला विरघळलेले मीठ-साखर जास्त दाट, त्या बाजूला पाणी जाते. काकडीच्या बाहेर मीठ दाट म्हणून पाणी बाहेर आले. मनुक्याच्या आत दाटी जास्त म्हणून पाणी आत शिरले.

तिसरा मार्ग दारांचा. पेशीपटलात प्रथिनांची बनलेली लहान लहान दारे असतात. प्रत्येक दार ठरावीक पदार्थालाच आत घेते. मिठातल्या सोडियमचे दार वेगळे, साखरेचे वेगळे.

चौथा मार्ग पंपाचा. पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करून काही पदार्थ दाटीच्या उलट दिशेने ढकलते. या पंपाचा शोध डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ साली मांडला आणि त्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप एका खेपेला सोडियमचे ३ कण पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. आपण झोपलेलो असतानाही तो चालूच असतो.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाणी ओढणारा पंप पेशीत नाही. शरीर मीठ हलवते आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. जुलाबाचे आणि त्यावरच्या उपायाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे.

जोडीने उघडणारे दार

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याच्या एका बाजूला आपण खाल्ले-प्यायलेले आणि दुसऱ्या बाजूला रक्त. या पेशींत एक खास दार आहे. सोडियम एकटा आला तर ते दार त्याला आत घेत नाही आणि ग्लुकोज साखर एकटी आली तरी घेत नाही. सोडियमचे २ कण आणि ग्लुकोजचा १ कण असे जोडीने आले की ते दोघांनाही आत घेते. मग पेशीच्या मागच्या बाजूचा पंप सोडियमला रक्ताकडे ढकलतो, ग्लुकोज दुसऱ्या दाराने रक्तात उतरते आणि रक्ताच्या बाजूला दाटी झाली की पाणी मागोमाग जाते. मीठ आणि साखर असे हातात हात घालून आत जातात, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडली.

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला ८ ते ९ लिटर पाणी येते. त्यातले साधारण २ लिटर आपण खातो-पितो त्यातले. बाकीचे लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्राव. यातले जवळजवळ सगळे पाणी पुन्हा रक्तात शोषले जाते. शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. इतका मोठा व्यवहार रोज चालतो म्हणून आपण जगतो.

कॉलऱ्यात हा व्यवहार उलटतो. कॉलऱ्याचा जंतू आतड्यात एक विष सोडतो. हे विष असते, हे कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. या विषामुळे पेशीतली क्लोराइडची तोटी उघडते आणि उघडीच राहते. क्लोराइड आतड्यात वाहते, त्यामागे सोडियम जाते आणि त्यामागे पाणी. रक्तातले पाणी आतड्यात आणि आतड्यातून बाहेर. जुलाबाच्या इतर काही जंतूंचे विषही अशाच रीतीने काम करते.

पण कॉलऱ्याचे विष ते जोडीने उघडणारे दार बंद करू शकत नाही. एका बाजूने तोटी वाहत असली तरी दुसऱ्या बाजूने मीठ-साखरेची जोडी आत जाऊ शकते आणि पाण्याला घेऊन जाते. ओआरएस म्हणजे क्षारसंजीवनी याच दाराचा उपयोग करते.

बोनगावची गोष्ट

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन त्याचा उपयोग होतो, हे दाखवले. पण ते दवाखान्यात, देखरेखीखाली झाले होते. गरिबांच्या गर्दीत, चिखलात ते चालेल का, याची परीक्षा व्हायची होती.

ती १९७१ साली झाली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. त्यात नामशूद्र समाजाची कष्टकरी कुटुंबेही होती. सीमेवरच्या बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. हा बोनगावचा भाग फाळणीपूर्वी जेसोर जिल्ह्यात होता. ज्या बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने बाबासाहेब १९४६ साली संविधान सभेवर निवडून गेले, त्या बंगालचा हा भाग.

तिथे डॉ. दिलीप महालनोबिस कामाला होते. दवाखान्यातल्या खोल्या भरून गेल्या होत्या. रुग्ण जमिनीवर, शौच आणि वांतीतच पडलेले होते. डॉक्टरांना त्यातच गुडघे टेकून सुया लावाव्या लागत. थोड्याच दिवसांत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. १ लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम खाण्याचे मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण कोलकात्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून छावणीत नेले. पिंपांत पाणी कालवले, पिंपाला तोटी लावली आणि रुग्णाच्या आईला, बहिणीला, भावाला सांगितले की भरून न्या आणि पाजत राहा.

पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, नर्सचेही नव्हते. ते घरच्या माणसांचे होते. छावणीत आधी मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते. या उपचाराखालच्या रुग्णांत ते शंभरात चारहूनही कमी झाले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती मानले. डॉ. महालनोबिस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

तीन सल्ल्यांचा हिशेब

आता पडद्याचे नियम आपल्याला ठाऊक झाले. सुरुवातीचे तीन सल्ले त्यावर घासून पाहू.

"पाणी देऊ नका." हा सल्ला सर्वांत घातक आहे. जुलाब पाणी प्यायल्याने होत नाहीत. शौचातून जाणारे पाणी रक्तातूनही येत असते. प्यायला दिले नाही तरी ते जातच राहते आणि मूल आतून सुकते. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा या सुकण्याने. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, हेही समजून घ्या. एक-दोन दिवस शौच पातळच राहील. ओआरएसचे काम गळती भरून काढण्याचे आहे. "दिले पण थांबले नाही" म्हणून मधेच सोडू नका.

नुसत्या साध्या पाण्यावरही भागत नाही. शौचातून पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. ते भरून न काढता फक्त पाणीच देत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते. मूल सुस्त होते, झटकेही येऊ शकतात. साधे पाणी अधूनमधून जरूर द्या, पण ओआरएसच्या जोडीने.

"कोल्ड्रिंक पाजा." बाजारातल्या बहुतेक गोड शीतपेयांत १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त. ओआरएसमध्ये लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. काकडीचे उदाहरण आठवा. आतड्यात साखर दाट झाली की पाणी रक्तातून आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. शिवाय त्यात मीठ जवळजवळ नसते, म्हणजे जोडी जमतच नाही. नुसत्या ग्लुकोज पावडरची अडचणही तीच आहे.

मेडिकलमध्ये फळांच्या चवीचे गोड पेय ओआरएससारख्या नावाने खोक्यात विकले जायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी केली. तरीही विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते मुलाकडून वाचून घ्या. शिक्षणाचा उपयोग इथेही आहे.

"सलाईन लावून आणतो." रुग्ण बेशुद्ध होत असेल, पिऊ शकत नसेल, खूपच सुकला असेल तर सलाईन लागतेच आणि तेव्हा एक क्षणही दवडू नये. पण पिऊ शकणाऱ्या रुग्णाला तेच मीठ-पाणी तोंडाने देता येते. सलाईन म्हणजे ताकदीचे औषध नव्हे. ते मीठ घातलेले निर्जंतुक पाणी आहे, फक्त आतड्याचे दार टाळून थेट शिरेत सोडलेले. आतड्याचे दार चालू असताना दिवसाची मजुरी बाटलीवर घालवण्याचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे ओआरएस मोफत मिळते.

घरी कसे करायचे

आजचे प्रमाणित ओआरएस १ लिटर पाण्यासाठी असे असते: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण पडद्याच्या हिशेबाने ठरवलेले आहे. म्हणून त्यात आपल्या मनाने बदल करू नये.

• हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीन टाकलेले घ्या.
• मोठे पाकीट १ लिटरचे असते, लहान २०० मिलिलिटरचे. पाकिटावर वाचून तेवढेच पाणी मोजा. पाण्याची १ लिटरची बाटली मापाला चालते.
• पूर्ण पाकीट एकाच वेळी पूर्ण पाण्यात टाका. थोडी पावडर, थोडे पाणी असे करू नका. लिटरचे पाकीट ग्लासभर पाण्यात कालवले तर ते फार दाट होते आणि अपाय करते.
• वरून साखर, मीठ, सरबत काहीही घालू नका.
• कालवलेले पाणी झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेले फेकून नवे करा.

किती द्यायचे? प्रत्येक पातळ शौचानंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यांना हवे तेवढे. लहान बाळाला चमच्याने, घोट घोट. वांती झाली तर १० मिनिटे थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा.

पाकीट मिळेपर्यंत १ लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून चालते. चमचा ५ मिलिलिटरचा. चव घेऊन पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते फेका. त्यात पोटॅशियम नसते, म्हणून पाकीट मिळाले की तेच वापरा. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही चांगली. तांदळातल्या पिठाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते आणि जोडी जमते.

आईचे दूध थांबवू नका. मोठ्या मुलाला वरण-भात, खिचडी, केळे असे हलके जेवण देत राहा. लहान मुलांना ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या आपल्या मनाने मुलांना देऊ नका. बहुतेक जुलाबांत अँटिबायोटिकही लागत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ओआरएस घ्यावे.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर:

• मूल पिऊ शकत नसेल किंवा प्यायलेले सगळे उलटून पडत असेल
• डोळे खोल गेले असतील, बाळाची टाळू खाली गेली असेल
• पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू खाली बसत असेल
• सहा तासांत लघवी झाली नसेल
• मूल सुस्त असेल, हाक मारून डोळे उघडत नसेल, झटके येत असतील
• शौचात रक्त असेल किंवा जोराचा ताप असेल
• बाळ २ महिन्यांपेक्षा लहान असेल

वाटेतही घोट घोट ओआरएस पाजत राहा.

सेवा आणि हक्क

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूसंघाला बोलावून सांगितले की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? जुलाबाच्या रुग्णाची किळस करायची नसते, हे आपल्याला तेव्हापासून शिकवले गेले आहे. आज त्या सेवेला शास्त्राची जोड मिळाली आहे.

पण नुसती सेवा पुरत नाही. जुलाब येतो तो गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपमधून, दिवसाआड सुटणाऱ्या नळातून, तुंबलेल्या सार्वजनिक शौचालयातून. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले ते माणुसकीच्या हक्कासाठी. तो हक्क आज स्वच्छ पाण्याचाही आहे. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले तर आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. पाण्याची तपासणी मागणारा अर्ज वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत द्या आणि पोचपावती घ्या. बाळांना ६, १० आणि १४ आठवड्यांना रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती चुकवू नका.

या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक काम करावे. एका रविवारी वंदनेनंतर १ लिटरची बाटली, एक पाकीट आणि एक पातेले घेऊन सर्वांसमोर ओआरएस कालवून दाखवावे. विहारात दहा-वीस पाकिटे कायम ठेवावीत आणि ती कुठे ठेवली आहेत हे महिला मंडळाच्या प्रत्येक ताईला ठाऊक असावे. जुलाब रात्री दोन वाजताही सुरू होतात, तेव्हा मेडिकल बंद असते. विहाराची किल्ली मात्र आपल्याच वस्तीत असते.

जय भीम! नमो बुद्धाय!